मान आहे, गुण नाहीत

दरवर्षी जानेवारीत लंडनच्या उत्तर भागातल्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये स्नूकरचे सोळा खेळाडू जमतात. आठवडाभर एकाच टेबलावर बाद पद्धतीने सामने होतात आणि शेवटच्या रविवारी त्यांच्यातला एक जण ‘मास्टर्स’चा विजेता ठरतो. २०२५मध्ये शॉन मर्फीने कायरन विल्सनला १०-७ असं हरवून ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याला ३,५०,००० पौंड मिळाले. व्यावसायिक स्नूकरची जागतिक क्रमवारी आज खेळाडूने जिंकलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. तरीही या साडेतीन लाखांतला एक पौंडसुद्धा क्रमवारीच्या हिशेबात धरला गेला नाही. मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा आहे. तिथे हरलं तरी क्रमवारीतली रक्कम घटत नाही, जिंकलं तरी वाढत नाही. असं असूनही जागतिक अजिंक्यपद आणि यूके चॅम्पियनशिप यांच्या जोडीने ती खेळातल्या तीन सर्वोच्च मानांपैकी एक समजली जाते. दारं बंद ठेवून थोड्यांनाच बोलावणारी आणि क्रमवारीत न मोजली जाणारी स्पर्धा इतकी मोठी कशी झाली? या प्रश्नाचं उत्तर स्नूकरपुरतं राहत नाही. कोणत्याही खेळात मोजक्यांना बोलावणं न्याय्य कधी ठरतं आणि अन्याय्य कधी, हे समजून घ्यायला मास्टर्सइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल. माझं म्हणणं असं आहे की क्रमवारीत न मोजलं जाणं ही या स्पर्धेतली उणीव नव्हे. तिचा प्रामाणिकपणा तिथेच आहे.

आधी खेळाविषयी थोडं. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा हिरव्या टेबलावर पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत चेंडू आणि खेळाडू ज्याला क्यूने मारतो तो पांढरा चेंडू असतो. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला की एक गुण आणि लगेच एक रंगीत चेंडू घालायची संधी. पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा आणि काळ्याचे सात गुण मिळतात. लाल शिल्लक असेपर्यंत रंगीत चेंडू पुन्हा टेबलावर ठेवला जातो. प्रत्येक लाल चेंडूनंतर काळा घातला आणि शेवटी सगळे रंगीत चेंडू क्रमाने घातले, तर एका डावात १४७ गुण होतात. हा या खेळातला परिपूर्ण ब्रेक. चेंडू घालता येत नसेल तेव्हा पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूंआड लपवून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायची, हा खेळाचा दुसरा अर्धा भाग. या खेळाचं मूळ आपल्याच भूमीत आहे. १८७५मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्समध्ये रंगीत चेंडूंची भर घातली आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम रुळले, असं खेळाचा इतिहास सांगतो.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७५मध्ये, लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका हॉटेलात पहिली मास्टर्स झाली. बेन्सन अँड हेजेस या सिगारेट कंपनीने पैसा दिला आणि दहा खेळाडूंना बोलावलं. तेव्हा बोलावणं हाच एकमेव मार्ग होता, कारण स्नूकरची अधिकृत क्रमवारी जन्मालाच आली नव्हती. ती १९७६पासून सुरू झाली. व्यावसायिक खेळाडू मूठभर होते आणि त्यांतले नामवंत कोण हे जाणकारांना ठाऊक होतं. १९६९मध्ये बीबीसीने ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला होता. रंगीत चेंडूंचा खेळ नव्या रंगीत टीव्हीवर खुलून दिसला आणि क्लबांच्या अंधाऱ्या खोल्यांतून तो घराघरांत पोचला. त्या लाटेवर मास्टर्स उभी राहिली. पहिल्याच अंतिम सामन्यात जॉन स्पेन्सर आणि रे रिअर्डन आठ-आठ फ्रेमवर, म्हणजे डावांवर, बरोबरीत आले, निर्णायक फ्रेममधले गुणही समान झाले आणि नियमाप्रमाणे काळा चेंडू पुन्हा जागेवर ठेवून निकाल लावावा लागला. स्पेन्सर जिंकला. पुढे १९७९पासून २००६पर्यंत वेम्बली कॉन्फरन्स सेंटर हे स्पर्धेचं घर झालं, मग काही वर्षं वेम्बली अरीना आणि २०१२पासून अलेक्झांड्रा पॅलेस. ब्रिटनमध्ये तंबाखूच्या प्रायोजकत्वावर बंदी आली तेव्हा सिगारेट कंपनी गेली. २००४ची स्पर्धा प्रायोजकाविनाच झाली. स्पर्धा टिकली, याचा अर्थ तोवर तिचं वजन प्रायोजकाच्या पैशापलीकडे गेलं होतं.

या पन्नास वर्षांत एक महत्त्वाचा बदल हळूहळू घडला. बोलावणं कोणाला धाडायचं हे यजमानाच्या मर्जीवर राहिलं नाही. १९८३पासून खेळाडूंची संख्या सोळा झाली आणि क्रमवारीतले पहिले सोळा हाच निकष रुजला. आज डिसेंबरमध्ये यूके चॅम्पियनशिप संपते, त्या क्षणी क्रमवारीची जी यादी असेल तिच्यातले पहिले सोळा जण मास्टर्सला जातात. सतरावा खेळाडू कितीही लोकप्रिय असो, तो घरी राहतो. सोळावा कितीही अनोळखी असो, तो टेबलापाशी उभा राहतो. क्रमवारी गेल्या दोन वर्षांतल्या मोजणीच्या स्पर्धांवर ठरत असल्यामुळे हे निमंत्रण म्हणजे दोन वर्षांच्या कामगिरीची पावती असते. म्हणून मास्टर्सला ‘निमंत्रितांची’ म्हणायचं ते परंपरेने. प्रत्यक्षात ते निमंत्रण खेळाडू स्वतः कमावतो. बंद दाराची स्पर्धा म्हटली की ओळखीपाळखी, वशिला, यजमानाची आवडनिवड अशा शंका मनात येतात. दाराला सर्वांना आधीपासून माहीत असलेला नियम असला की त्यांतल्या बहुतेक शंका फिटतात.

आता या मोजकेपणातून काय मिळतं ते पाहू. व्यावसायिक दौऱ्यावर साधारण १२८ खेळाडू असतात. मोठ्या खुल्या स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्यांत नामवंत खेळाडूसमोर बहुधा नवखा किंवा खालच्या क्रमांकाचा प्रतिस्पर्धी येतो. मास्टर्समध्ये पहिल्या आठांतल्या प्रत्येकासमोर नऊ ते सोळा क्रमांकांतला एक जण उभा असतो. इतरत्र जो सामना उपांत्य फेरीत बघायला मिळतो तो इथे रविवारी दुपारी पहिल्याच दिवशी लागतो. शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक अजिंक्यपदाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत मध्ये पडदा टाकून दोन टेबलांवर सामने चालतात आणि उपांत्य फेरीपासून एकच टेबल उरतं. मास्टर्समध्ये पहिल्या दिवसापासून एकच टेबल. सभागृहातले सगळे डोळे त्याच्यावर, टाळ्याही त्याच्यासाठी. आधीच्या फेऱ्यांत सहा फ्रेम जिंकणारा पुढे जातो, अंतिम सामन्यात दहा फ्रेम लागतात. ही लांबी एखाद्या नशिबाच्या फटक्याने निकाल फिरू नये इतकी मोठी आहे आणि एका बैठकीत नाट्य घडावं इतकी आटोपशीर. रॉनी ओसुलिव्हनने १९९५मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली आणि २०२४मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आठव्यांदा. सर्वांत तरुण आणि सर्वांत वयस्कर विजेता एकच माणूस आहे. एवढ्या वर्षांच्या अंतराने तोच खेळाडू तितक्याच कसदार पंधरा जणांमधून वर येतो तेव्हा त्या यशाचं मोल वेगळंच ठरतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: क्रमवारीत काहीच पणाला लागत नसेल, तर ही शेवटी प्रदर्शनी लढतच. आक्षेप ऐकायला पटतो, पण स्पर्धेचा इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो. १९९१च्या अंतिम सामन्यात माइक हॅलेट ७-० असा आणि पुढे ८-२ असा आघाडीवर होता. विजेतेपदाला एक फ्रेम हवी होती. ती मिळायच्या बेतात असताना त्याचा गुलाबी चेंडू चुकला आणि स्टीफन हेंड्रीने उरलेल्या सगळ्या फ्रेम घेऊन सामना ९-८ असा जिंकला. १९८९ ते १९९३ अशी सलग पाच वर्षं हेंड्री इथे अजिंक्य राहिला. १९९८मध्ये त्याच हेंड्रीने मार्क विल्यम्सविरुद्ध ९-६ अशी आघाडी घेतली आणि ती गमावली. निर्णायक फ्रेम पुन्हा एकदा जागेवर ठेवलेल्या काळ्या चेंडूपर्यंत गेली. २००६च्या निर्णायक फ्रेममध्ये ओसुलिव्हनने ६० गुणांची आघाडी घेतल्यावर जॉन हिगिन्सने ६४ गुणांनी टेबल साफ करून विजेतेपद ओढून नेलं. सगळ्यांत ठळक उदाहरण पॉल हंटरचं. लीड्सच्या या तरुणाने २००१, २००२ आणि २००४ असे तीन अंतिम सामने जिंकले आणि तिन्ही १०-९ असे. पहिल्यात तो ३-७ असा मागे होता, दुसऱ्यात ०-५, तिसऱ्यात ओसुलिव्हनविरुद्ध २-७. ऑक्टोबर २००६मध्ये कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आज मास्टर्सचा चषक त्याच्या नावाने ओळखला जातो. या सामन्यांतल्या कोणत्याही फ्रेमला क्रमवारीत किंमत नव्हती, आणि तरी माणसं जीव ओतून खेळली.

याचं कारण शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं तेव्हा पहिल्या क्रमांकाची जोड ठरवून, नावाजलेल्या मल्लांना बोलावून लावली जाते. त्या कुस्तीने कोणी महाराष्ट्र केसरी होत नाही. त्यासाठी तालीम, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तरीही जत्रेतल्या त्या कुस्तीत चीतपट झालेल्या मल्लाला कोणी असं समजावू शकत नाही की ही हार मोजायची नाही. तोडीस तोड माणूस समोर असणं आणि जाणकार प्रेक्षक भोवती असणं यातूनच त्या लढतीला किंमत येते. मास्टर्सचं बळही तेच आहे. गुणांची मोजणी ही दीर्घकाळच्या सातत्याची नोंद आहे आणि ती हवीच. पण बरोबरीच्या सोळा जणांत आज, या टेबलावर, श्रेष्ठ कोण, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला क्रमवारीच्या आकड्याची गरज नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तिथेच या विषयाचा गाभा आहे. वरच्या सोळांनाच बोलावून त्यांनाच मोठी बक्षिसं द्यायची, म्हणजे जे आधीच वर आहेत त्यांना आणखी वर ढकलायचं, असं टीकाकार म्हणतात. क्रमवारी पूर्वी गुणांवर चालायची. २०१४पासून ती दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर चालते, त्यामुळे हा आक्षेप आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे. समजा, मास्टर्सचे साडेतीन लाख पौंड क्रमवारीत धरले असते, तर काय झालं असतं? दौऱ्यावरच्या अनेक खुल्या स्पर्धांत विजेत्याला लाखभर पौंड मिळतात. म्हणजे चार सामने जिंकणारा मास्टर्सचा विजेता तीनएक खुल्या स्पर्धा जिंकल्याइतका पुढे गेला असता, आणि तेही अशा स्पर्धेतून जिचं दार सतराव्यापासून खाली सर्वांना बंद आहे. पुढची दोन वर्षं ती रक्कम त्याच्या नावावर राहिली असती आणि तिच्या जोरावर पुढच्या मास्टर्सचं निमंत्रणही जवळजवळ पक्कं झालं असतं. वर्तुळ पूर्ण झालं असतं: आत असल्यामुळे पैसा, पैशामुळे क्रमांक, क्रमांकामुळे पुन्हा आत. मास्टर्सची रक्कम हिशेबाबाहेर ठेवल्याने हे वर्तुळ तुटतं. बंद स्पर्धेतलं यश खुल्या शिडीवरच्या जागा अडवत नाही. सोळाव्या आणि सतराव्या खेळाडूमधली दरी मास्टर्समुळे क्रमवारीत एका पौंडानेही रुंदावत नाही. म्हणून मी म्हणतो की गुण नसणं हीच या स्पर्धेची प्रामाणिक किंमत आहे. थोड्यांना बोलावण्याचा हक्क तिने मोजणीवरचा हक्क सोडून मिळवला आहे.

ही गोष्ट किती महत्त्वाची आहे हे उलट उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतं. याच दौऱ्यावर काही स्पर्धा अशा आहेत की ज्यांना चालू हंगामातल्या कमाईच्या यादीतले वरचे खेळाडूच पात्र ठरतात. वर्ल्ड ग्रां प्रीसाठी पहिले बत्तीस, प्लेअर्स चॅम्पियनशिपसाठी पहिले सोळा आणि टूर चॅम्पियनशिपसाठी आधी पहिले आठ, अलीकडे बारा. या स्पर्धांतली बक्षिसं मात्र क्रमवारीत पूर्ण धरली जातात. म्हणजे प्रवेश थोड्यांना आणि मोजणी सर्वांच्या यादीत. समर्थक म्हणतात की या स्पर्धांची पात्रताही खेळाडू चालू हंगामात खेळून मिळवतात. ते खरं आहे, आणि कामगिरीला बक्षीस मिळावं हेही रास्त. पण चाळिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूने वरच्यांना गाठायचं म्हटलं तर ज्या टेबलावर मोठी रक्कम वाटली जाते तिथे त्याला पाऊल ठेवता येत नाही. बंदपणा आणि मोजणी एकत्र आली की पुढे असलेला आणखी पुढे जातो. दोन प्रकारांपैकी अन्यायाची खरी शक्यता इथे आहे. मास्टर्सला बंद म्हणून दोष देणाऱ्यांनी टीकेचा रोख जरा बदलायला हवा.

तरी एक गोष्ट मान्य करावीच लागेल. क्रमवारीत न धरलेला पैसाही शेवटी पैसाच असतो. ज्याला मास्टर्सच्या पहिल्या फेरीत हरूनही चांगली रक्कम मिळते, तो प्रशिक्षक ठेवू शकतो, चीनपर्यंतचा प्रवास निर्धास्तपणे करू शकतो, वाईट महिना पचवू शकतो. क्रमवारीत ऐंशीव्या-नव्वदाव्या स्थानी असलेल्या खेळाडूला प्रवास, हॉटेल आणि सराव यांचा खर्च भागवताना ओढाताण होते. त्याचं दौऱ्यावरचं स्थानही दोन वर्षांचं असतं. मुदत संपताना पहिल्या चौसष्टांत नसला तर सहसा त्याला पात्रता स्पर्धांमधून पुन्हा आत यावं लागतं. ही विषमता खरी आहे. पण तिच्यावरचा इलाज मास्टर्स बंद करणं किंवा तिचं रूप बदलणं हा नव्हे. प्रेक्षक आणि टीव्ही यांना खेळाकडे खेचून आणणाऱ्या काही मोजक्या आठवड्यांत तिचा समावेश आहे आणि तो ओघ आटला तर खालच्या फेऱ्यांना पैसा कुठून येणार? इलाज असा की अशा स्पर्धांमुळे खेळात येणाऱ्या पैशाचा वाजवी हिस्सा खुल्या स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना मिळाला पाहिजे. शिखर उंच असायला हरकत नाही. पायथ्याशी वाट चालती राहिली पाहिजे.

तिसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो. यादीचा नियम इतका काटेकोर असेल, तर नव्या रक्ताला वाव कुठे? मास्टर्सने नव्वदच्या दशकापासून २०१०पर्यंत सोळांखेरीज काही खेळाडूंना ‘वाइल्ड कार्ड’ देऊन पाहिलं. सर्वांत संस्मरणीय वाइल्ड कार्ड २००७चं: चीनचा एकोणीस वर्षांचा डिंग जुनहुई. त्याने अँथनी हॅमिल्टनविरुद्ध १४७चा ब्रेक केला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तिथे ओसुलिव्हनने त्याला १०-३ असं हरवलं, पण चार वर्षांनी, २०११मध्ये, हाँगकाँगच्या मार्को फूला हरवून डिंग विजेता झाला. तो मास्टर्सचा पहिला सर्व-आशियाई अंतिम सामना. तेव्हाच्या पद्धतीत एक चांगली गोष्ट होती. वाइल्ड कार्डवाल्याला कोणाची जागा फुकट मिळत नसे. यादीतल्या तळाच्या खेळाडूला एका जादा सामन्यात हरवून ती घ्यावी लागे. तरीही वाइल्ड कार्ड देणारा हात शेवटी माणसाचा असतो आणि तिथे लोकप्रियता, बाजारपेठ, जुनी पुण्याई या गोष्टी शिरू शकतात. शिवाय यादीच्या नियमातही नव्या माणसाला संधी मिळते, ती वेगळ्या वाटेने. २०२०मध्ये ओसुलिव्हनने खेळायचं नाकारलं आणि सतराव्या क्रमांकाचा अली कार्टर आत आला. तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि स्टुअर्ट बिंगहॅमकडून १०-८ असा हरला. सोळा आणि सतरा यांच्यात किती कमी अंतर असतं हे यातून दिसतंच, पण रेषा कुठेतरी ओढावीच लागते आणि ती सगळ्यांना दिसणारी असावी, हेही दिसतं.

निमंत्रणाची दुसरी अट आचरणाची आहे आणि या बाबतीत स्नूकरला अलीकडे कडू अनुभव आला. करोनाकाळात, जानेवारी २०२१मध्ये, प्रेक्षकांविना मिल्टन कीन्सला झालेली मास्टर्स चीनच्या यान बिंगताओने जिंकली. तो वीस वर्षांचा होता आणि ही त्याची पहिलीच मास्टर्स. दोन वर्षांनी सामने निश्चित केल्याच्या प्रकरणात चीनच्या दहा खेळाडूंवर कारवाई झाली. त्यांत यानला पाच वर्षांची बंदी झाली. २०२३च्या मास्टर्सआधीच यान आणि झाओ शिनतोंग या दोघांना निलंबित केलं होतं. त्यांच्या जागी डेव्हिड गिल्बर्ट आणि इराणचा हुसेन वफाई आले; वफाई मास्टर्स खेळणारा पहिला इराणी ठरला आणि पदार्पणातच त्याने मार्क सेल्बीला हरवलं. या प्रकरणाचा पुढचा भागही माझ्या मुद्द्याशी थेट जुळतो. झाओने वीस महिन्यांची बंदी भोगली, हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेऱ्यांतून सुरुवात केली आणि २०२५मध्ये क्रूसिबलला मार्क विल्यम्सला १८-१२ असं हरवून तो चीनचा पहिला विश्वविजेता झाला. मानाच्या स्पर्धेने त्याला दूर ठेवलं ते योग्यच होतं, आणि खुल्या स्पर्धेने शिक्षा भोगल्यावर त्याला पुन्हा चढू दिलं तेही योग्यच. बंद दार आणि खुलं दार यांची कामं वेगळी आहेत. एकाच खेळाला दोन्ही लागतात.

नियम आणि मोजणी यांचा विचार न करता केवळ पैशाच्या बळावर निमंत्रणं धाडली तर काय होतं, याचाही विचार करायला हवा. मार्च २०२४मध्ये सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये मोठ्या खेळाडूंना बोलावून एक स्पर्धा झाली. तिथे नेहमीच्या चेंडूंच्या जोडीला एक सोनेरी चेंडू ठेवला होता. खेळाडूने १४७ पूर्ण केले, तर तो चेंडू घालून आणखी वीस गुण, म्हणजे १६७चा ब्रेक, आणि त्यासाठी प्रचंड इनाम. ओसुलिव्हनने ती स्पर्धा जिंकली. सोनेरी चेंडू मात्र कोणाच्या वाट्याला आला नाही. नवा प्रेक्षक मिळवण्यासाठी असे प्रयोग व्हावेत, त्यांना माझा विरोध नाही. पण मास्टर्सच्या शेजारी ठेवून पाहिलं की फरक कळतो. तमाशाचं आकर्षण एकदा ओसरलं की पुढच्या वर्षी आणखी मोठं आकर्षण आणावं लागतं. मास्टर्सला पन्नास वर्षांत असं काही आणावं लागलं नाही. १९८४मध्ये कॅनडाच्या कर्क स्टीव्हन्सने इथला पहिला १४७ केला आणि त्या सामन्यात तो जिमी व्हाइटकडून हरलाही. तो ब्रेक आजही सांगितला जातो तो त्याच पंधरा लाल चेंडूंमुळे आणि समोरच्या प्रतिस्पर्ध्यामुळे. निमंत्रितांच्या स्पर्धेची पुंजी म्हणजे निवडीबद्दलचा विश्वास. ती एका हंगामात पैशाने उभी करता येत नाही.

भारताच्या आणि विशेषतः महाराष्ट्राच्या दृष्टीने यात शिकण्यासारखं बरंच आहे. भारताचे पहिले बिलियर्ड्स विश्वविजेते विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्हींत जागतिक विजेतेपदं मिळवणारा पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचाच. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३मध्ये दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनमध्ये अंतिम फेरी गाठली. व्यावसायिक क्रमवारीच्या स्पर्धेत अशी मजल मारणारा तो पहिला भारतीय. अंतिम सामन्यात त्याला डिंग जुनहुईने ५-० असं हरवलं. पुढच्याच वर्षी जर्मनीत, पॉल हंटरच्याच नावाने भरणाऱ्या स्पर्धेत, त्याने १४७चा ब्रेक केला. २०१५मध्ये इंडियन ओपन मुंबईत झाली. हे सगळं असूनही एकही भारतीय खेळाडू जागतिक क्रमवारीत पहिल्या सोळांत पोचलेला नाही. आपल्याकडे गुणवत्ता आहे, क्लब आणि जिमखान्यांची जुनी परंपरा आहे, हौशी गटातली विश्वविजेतेपदंही आहेत. कमी पडतात त्या मधल्या पायऱ्या: वर्षभर नियमाने होणाऱ्या, कोणालाही खेळता येतील अशा आणि निकालांची नोंद एका यादीत ठेवणाऱ्या स्पर्धा. मेहताची ती दौड घडली ती घरच्या भूमीवर भरलेल्या मोजणीच्या स्पर्धेत, हे विसरता कामा नये. नामवंतांना बोलावून एक झगमगीत आठवडा साजरा करणं सोपं आहे आणि प्रायोजकांनाही ते आवडतं. पण ज्यांना बोलवायचं ते खेळाडू घडतात ते खुल्या स्पर्धांत.

म्हणून निमंत्रितांच्या स्पर्धेला मी तीन कसोट्या लावीन. बोलावण्याचा नियम आधी जाहीर झालेला आणि सर्वांना सारखा असावा. बंद दाराआडचं यश खुल्या यादीत मोजलं जाऊ नये. आणि त्या दारापर्यंत पोचवणारी शिडी कोणालाही चढता येईल अशी असावी. मास्टर्स पहिल्या दोन कसोट्यांना पुरेपूर उतरते. तिसरी कसोटी तिच्या एकटीच्या हातात नाही, ती संपूर्ण दौऱ्याने सांभाळायची आहे आणि तिथे अजून बरंच करणं बाकी आहे. ज्या खेळात या तिन्ही गोष्टी जुळतात तिथे मोजक्यांना दिलेला मान बाकीच्यांचा अपमान ठरत नाही. तो त्यांच्यासाठी गाठण्याजोगी जागा ठरतो. आपल्याकडे कोणी संघटना, क्लब किंवा उद्योगसमूह निमंत्रितांची मोठी स्पर्धा भरवायचं ठरवत असेल, तर मास्टर्सकडून बक्षिसाची रक्कम आणि दिव्यांचा झगमगाट उचलण्याआधी तिची ही शिस्त उचलावी. सोळा जणांना बोलावण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, जो सतराव्याला त्याचं नाव यादीत का नाही हे एका वाक्यात आणि खरं सांगू शकतो.